घर मागें बांधून

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें कोणी ना कोणी हल्लीं अमेरिकेंत आहे. उन्हाळ्यांत आईबापांनीं तिकडे जावें, नातवंडांच्या सहवासांत चार महिने काढावे, आणि त्या मुदतींत मुलानें किंवा जांवयानें "तुम्हांला देश दाखवितों" म्हणून लांबच्या प्रवासाचा बेत करावा, हा आतां रिवाजच होऊन बसला आहे. त्या बेतांत पुष्कळ ठिकाणीं एक सोय शिरलेली आढळते. मोटारीच्या मागें चाकांवरचें एक घर जोडावयाचें. त्यांत बिछाने, चूल, शीतकपाट, न्हाणी सर्व कांहीं असावयाचें. या घरास तिकडे ट्रेलर म्हणतात. खाणावळीच्या अन्नाचा प्रश्न उरत नाहीं, वडील माणसांना रोज परक्या अंथरुणावर निजावें लागत नाहीं, आणि सकाळीं स्नान उरकून आपल्याच चुलीवर मऊभात शिजवितां येतो. तेव्हां आपल्या लोकांस ही सोय आवडावी यांत नवल नाहीं. आम्हांलाहि ती आवडली. परंतु एका हत्तीच्या आतबाहेर वजनाची ती वस्तु मोटारीनें सुरक्षितपणें ओढून नेणें विकणारा किंवा भाड्यानें देणारा सांगतो तितकें सोपें नाहीं, हें आम्हांस एका दुपारीं वायोमिंगच्या माळावर पुरतें कळून चुकलें. ती हकीकत व तीवरून आम्ही जें शिकलों तें येथें देत आहों.

अशा घरांची हौस त्या देशांत जुनी आहे. वॉली बायम नांवाच्या गृहस्थानें १९३१ सालीं एअरस्ट्रीम कंपनी काढली. तिचे रुपेरी, माशाच्या पाठीसारखे गुळगुळीत ट्रेलर अद्यापहि रस्त्यांत दिसतात. हा गृहस्थ एवढा हौशी, कीं १९५९ सालीं त्यानें असल्या ट्रेलरांचा एक तांडाच्या तांडा आफ्रिकेंत केपटाउनपासून कैरोपर्यंत नेला. चिखलांत रुतलेलीं घरें गांवकऱ्यांच्या मदतीनें ओढून काढीत तीं मंडळी गेलीं. आपणांस इतकें करावयाचें नसतें. गुळगुळीत हमरस्ता असतो, हवाबंद मोटार असते, आणि यामुळेंच माणूस बेसावध होतो.

आमचा पुतण्या डेन्व्हर येथें पुष्कळ वर्षें आहे. त्याची मोटार मोठ्या एस.यू.व्ही. जातीची, तीन रांगांची, आठ माणसांची. ८,३०० पौंड, म्हणजे सुमारें ३,७६५ किलो, ओढण्याची तिची ताकद असल्याचें तिच्या माहितीपत्रकांत छापलेलें. भाड्यानें घेतलेला ट्रेलर सामानसुमानासह सात हजारांच्या आंत राहणार होता. भाड्यानें देणाऱ्या गृहस्थानें दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं मांडून, "तुमच्याजवळ हजाराहून अधिक पौंडांची शिल्लक आहे, खुशाल जा," असें हंसत हंसत सांगितलें. मंडळी सात: पुतण्या, सूनबाई, त्यांचीं दोन मुलें, आमचे थोरले बंधु, वहिनी आणि आम्ही. बेत यलोस्टोनचा. ट्रेलरच्या मागच्या टोंकास एक भलें मोठें कपाट होतें, तें वहिनींनीं आपल्या पद्धतीनें भरलें. तांदळाच्या दोन गोण्या, कणीक, डाळी, डब्यांतील फळें, बाटलीबंद पाण्याचे खोके, कुकर, पोळपाट-लाटणें, सगळें त्यांत बसलें. मुलांच्या सायकली अगदीं मागें, बाहेरच्या चौकटीवर चढविल्या. पाण्याची टाकीहि मागच्याच अंगास होती. वाटेंत पाणी कसें मिळेल कोण जाणे, म्हणून पुतण्यानें ती घरूनच भरून घेतली. घर कसें नीटनेटकें लागलें, पुढची बाजू बसाउठावयास मोकळी राहिली, म्हणून सर्वांनींच वहिनींची वाहवा केली. त्यांत आम्हीहि होतों.

शायेनच्या उत्तरेस पंचवीस क्रमांकाचा हमरस्ता माळावरून जातो. झाड म्हणून नाहीं आणि वाऱ्यास आडकाठी म्हणून नाहीं. त्या राज्यांत वारा फार उठला म्हणजे उंच व हलक्या वाहनांस रस्ता बंदच करतात. त्या दिवशीं तसा बंद नव्हता, परंतु डावीकडून झोंबणारा वारा होता. चगवॉटर गांव मागें टाकून आम्ही ताशीं ६८ मैलांच्या वेगानें चाललों होतों. तेथें ७५ मैलांची व कांहीं ठिकाणीं त्याहून अधिक वेगाची मुभा आहे, त्यामुळें आम्ही सर्वांत मागें होतों. एक प्रचंड मालमोटार डावीकडून आमच्या पुढें जाऊं लागली. तिच्या तोंडापुढच्या हवेच्या लोटानें ट्रेलर प्रथम उजवीकडे ढकलला गेला आणि ती पुढें सरतांच तिच्या कडेला ओढला गेला. एरवीं हा धक्का एकदां बसून शमतो. तो शमला नाहीं. ट्रेलर पुनः उजवीकडे गेला, पुनः डावीकडे आला, आणि प्रत्येक हेलकावा आधींच्याहून मोठा होऊं लागला. आमची मोटारहि त्याबरोबर कंबर हलविल्यासारखी डुलूं लागली. धाकट्या मुलास प्रथम गंमत वाटली. आरशांत आम्हांस ट्रेलरची एक बाजू संपूर्ण दिसली, मग ती नाहींशी होऊन दुसरी दिसली.

अशा वेळीं माणसाचा हात व पाय आपोआप जें करूं पाहतात तेंच नेमकें करावयाचें नसतें. हात चाक उलटें फिरवून गाडी सरळ करूं पाहतो. परंतु हेलकाव्याची गति हातापेक्षां त्वरित असते, हात नेहमीं अर्धा क्षण मागें राहतो, आणि हेलकाव्यास आळा बसण्याऐवजीं त्याला झोंकाच मिळतो. पाय मोटारीचा ब्रेक दाबूं पाहतो. तसें केल्यास मोटार मंदावते आणि मागचा साडेसहा-सात हजार पौंडांचा बोजा तिला ढकलतो, मग दोन्ही मिळून कात्रीसारखीं मिटतात. पुतण्याला हें ठाऊक होतें म्हणून आज हा लेख लिहावयास आम्ही आहों. त्यानें चाक सरळ धरून ठेवलें, वेगाच्या पट्टीवरून पाय काढला, आणि ट्रेलरचे ब्रेक निराळे लावण्याची एक लहान कळ चालकाच्या गुडघ्याजवळ असते ती बोटानें हळूहळू सरकविली. मोटार चालत असतां केवळ ट्रेलर मागें खेंचला गेला, दोन्हींमधील सांधा ताणला गेला आणि ओळ सरळ झाली. या सर्वास दहा सेकंद लागले असतील. नंतर गाडींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. वहिनींनीं एवढेंच विचारलें, "बाळ, थांबावयाचें का रे कोठें?"

चाळीस-पन्नास मैलांच्या वेगानें आम्ही कॅस्परपर्यंत आलों. तेथें मालमोटारींच्या थांब्यावर मोठा वजनकांटा असतो. पुढचीं चाकें, मागचीं चाकें व ट्रेलरचीं चाकें तीन निरनिराळ्या पाट्यांवर उभीं राहतात आणि तिघांचें वजन वेगवेगळें छापून मिळतें. घरगुती वाहनांनाहि थोडे पैसे भरून तेथें वजन करून घेतां येतें. घरून निघण्यापूर्वींच हें करावयास पाहिजे होतें. तेथें एका वयस्क मालमोटारवाल्यानें आमची सारी कथा ऐकून घेतली, ट्रेलरच्या मागें जाऊन सायकली व कपाट पाहिलें, आणि एकच प्रश्न केला: "तुमच्या दांडीवर भार किती आहे?" हा प्रश्न आम्हांपैकीं कोणासहि भाड्यानें देणाऱ्यानें विचारला नव्हता.

तो प्रश्न ऐकतांच आम्हांस आमच्या लहानपणचा गाडीवान आठवला. बैलगाडी भरतांना ओझें मागें फार झालें तर गाडी उलाळ होते, धुरा वर उचलला जातो, जूं बैलांच्या मानेवर राहत नाहीं आणि चढावर तर बैलांचा गळाच आवळला जातो. ओझें पुढें फार झालें तर जूं मानेवर रुतून बैल बसतात. म्हणून शहाणा गाडीवान पोतीं चढवून झाल्यावर धुरा हातानें उचलून पाहतो, आणि एखादें पोतें वीतभर पुढें किंवा मागें सरकवितो. ट्रेलर हीहि एका आंसाची किंवा शेजारीं शेजारीं असलेल्या दोन आंसांची गाडीच आहे. तिची दांडी मोटारीच्या पाठीमागील एका लोखंडी गोळ्यावर बसते. एकंदर वजनापैकीं शेंकडा १० ते १५ इतका भार त्या दांडीवरून मोटारीवर यावा असा नियम आहे. घोडे वाहून नेण्याचे वगैरे कांहीं ट्रेलर मोटारीच्या पाठीमागें न जोडतां पिकअपच्या साट्यांत, मागल्या आंसाच्या वरच्या अंगास जोडतात. त्यांना याहून बराच अधिक भार लागतो, सुमारें पंचमांश धरावयास हरकत नाहीं.

भार दहा टक्क्यांहून कमी झाला म्हणजे काय होतें, तें बाणावरून कळेल. टोंक जड व मागें पिसें असा बाण सरळ जातो. पिसें पुढें करून सोडला तर तो हवेंत वळतो. ट्रेलरचें मागचें अंग जड असलें म्हणजे बाण उलटा सोडल्यासारखें होतें. शिवाय जें वजन आंसापासून दूर, अगदीं टोंकास असतें, तें हेलकावा एकदां सुरूं झाल्यावर थांबूं देत नाहीं. दोन्ही टोंकांस भरल्या घागरी बांधलेली कावड खांद्यावर फिरूं लागली म्हणजे ती आवरणें किती जड जातें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको. वेगाचीहि एक मर्यादा असते. तिच्या अलीकडे हेलकावा आपोआप विरतो, पलीकडे तो आपोआप वाढत जातो. भरणी वाईट असेल तर ही मर्यादा खालीं येते. आमची ६८ मैलांच्याहि खालीं आली होती.

स्प्रिंगांच्या पट्ट्या सोडून, एकदां ट्रेलर जोडून व एकदां सोडून वजन केलें. ट्रेलर ६,९०० पौंड भरला. दांडीवरचा भार ४८० पौंड निघाला. म्हणजे शेंकडा सात. मालमोटारवाल्यानें मान हलविली. मग वहिनींचें कपाट सर्वांच्या देखत रिकामें झालें. टाकींतील ३० गॅलन पाणी सोडून दिलें. गॅलनभर पाणी ८.३४ पौंड भरतें, तेव्हां २५० पौंड एवढ्यानेंच गेले. तांदूळ, डबे व पाण्याचे खोके आंसाच्या पुढच्या बाजूस जमिनीवर रचले, सायकली आंत घेऊन पुढें आडव्या घातल्या. पुनः वजन केलें. ट्रेलर ६,६५०, दांडीवर ८३० पौंड, म्हणजे साडेबारा टक्के. आम्हांस वाटलें, झालें काम, आतां निघूं. परंतु खरी अडचण पुढेंच होती, आणि हा लेख लिहिण्याचें कारणहि तीच.

मोटारीचें चालकाच्या बाजूचें दार उघडलें म्हणजे खांबावर एक पिंवळी-पांढरी चिठ्ठी चिकटविलेली दिसते. माणसें व सामान यांचें एकूण वजन अमुक पौंडांहून अधिक कदापि होऊं नये, असें तीवर लिहिलेलें असतें. आमच्या पुतण्याच्या मोटारीच्या चिठ्ठीवरचा आंकडा १,६४० पौंड होता, सुमारें ७४४ किलो. दांडीवरून येणारा भार हाहि मोटारीनें पाठीवर वाहिलेलें सामानच होय. तेव्हां तो याच आंकड्यांत धरावयाचा. थांब्यावरच्या दुकानांतून घरगुती वजनकांटा विकत आणला आणि एकेकानें त्यावर उभें राहावें असें ठरलें. वहिनी प्रथम तयार होईनात. मग मुलांस तोंड फिरवून उभें करण्यांत आलें. पुतण्या १७८, सूनबाई १४२, बंधु १६४, वहिनी १३१, आम्ही १५८, मुलें ९६ व ६१. बेरीज ९३०. मोटारींतील बॅगा, बर्फाची पेटी, अवजारें मिळून २४०. हिच नांवाचा जो जोडणीचा सांधा असतो त्याचें वजन ९५. त्यांत दांडीवरचे ८३० मिळवा. २,०९५ पौंड! मोटारीच्या पाठीवर साडेचारशें पौंडांहून अधिक जास्ती बोजा.

येथें वाचकांनीं जरा थांबावें. भाड्यानें देणाऱ्या गृहस्थाचा आंकडा खोटा नव्हता. ६,६५० हे ८,३०० पेक्षां कमीच आहेत. परंतु ओढण्याची मर्यादा संपण्याच्या फार आधीं वाहण्याची मर्यादा संपली होती. आणखी गंमत अशी कीं, दांडी हलकी असतांना बेरीज १,७४५ होत होती, म्हणजे चिठ्ठीपेक्षां थोडीच जास्ती. ट्रेलर झुलूं नये म्हणून दांडीवर योग्य भार आणला, तों मोटार वांकली. वाईट भरणीनें मोटारीवरचा जादा बोजा झांकून ठेवला होता.

मोठे आंकडे येतात कोठून हेंहि सांगितलें पाहिजे. पूर्वीं प्रत्येक कारखाना आपापल्या रीतीनें आंकडा ठरवी, आणि शेजाऱ्याहून शंभर पौंड तरी अधिक सांगावे अशी चढाओढ चाले. २००८ सालीं एस.ए.ई. या इंजिनिअरांच्या संस्थेनें जे-२८०७ नांवाची एक सामाईक कसोटी ठरवून दिली. टोयोटानें ती २०११ सालच्या नमुन्यांपासून प्रथम पाळली व तिच्या मोठ्या पिकअपचे आंकडे खालीं आले. इतर मोठे कारखाने कांहीं वर्षांनीं त्या वाटेस लागले. ही कसोटी मोठी कडक आहे. अॅरिझोनांत डेव्हिस डॅमजवळ ११.४ मैलांचा एक चढ आहे. भर उन्हाळ्यांत, आंतील थंड हवेचें यंत्र पूर्ण चालूं ठेवून, पूर्ण बोजा ओढीत तो चढावयाचा, आणि मागें एकएकच चाक असलेल्या गाडीचा वेग ताशीं ४० मैलांच्या खालीं येऊं द्यावयाचा नाहीं. इंजिनाची व त्यास थंड ठेवण्याच्या योजनेची परीक्षा म्हणून ती उत्तम आहे. परंतु त्या कसोटींत मोटारींत माणसें धरलेलीं असतात दोन, प्रत्येकीं १५० पौंडांचीं. आजी, आजोबा, काका, नातवंडें, लोणच्याची बरणी व देवांची पेटी त्यांत धरलेलीं नसतात. एकत्र कुटुंब घेऊन निघणाऱ्यानें माहितीपत्रकांतील मोठा आंकडा बाजूस ठेवून दाराच्या खांबावरचा लहान आंकडा वाचावा. त्यांतून घरच्या मंडळींचें खरें वजन वजा करावें, मोटारींतलें सामान व हिच वजा करावा, आणि उरेल तितकाच दांडीवरचा भार मोटारीला झेपेल असें समजावें. उरलेल्याची आठपट केली कीं आपणांस केवढा ट्रेलर परवडेल याचा अदमास येतो. आमच्या बाबतींत उरत होते ३७५. म्हणजे तीन हजार पौंडांचा ट्रेलर.

मग वाहन कोणतें घ्यावें, असें कोणी विचारील. मोठ्या एस.यू.व्ही.ची अडचण हीच कीं, गाद्या, तिसरी रांग, छताची खिडकी हें सर्व तिच्या स्वतःच्या वजनांत जमा होतें आणि चिठ्ठीवरचा आंकडा त्या मानानें खालीं येतो. पिकअपची बांधणी ओझ्यासाठींच केलेली, पुढच्या-मागच्या आंसांतील अंतर सहसा अधिक, त्यामुळें मागून आलेला हिसका ती अधिक चांगला सोसते. परंतु चार दारांची, चामड्याच्या बैठकींची श्रीमंती पिकअप घेतली तर तिचीहि तीच गत होते. एकाच नांवाच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांच्या चिठ्ठ्यांवर कित्येक शें पौंडांचा फरक आढळतो. म्हणून जी गाडी घ्यावयाची तिचेंच दार उघडून पाहावें, दुकानांतील फलकावर जाऊं नये. आठ-नऊ हजार पौंडांच्या पुढचा ट्रेलर आणि सात माणसें असा थाट असेल तर जड पिकअपला पर्याय नाहीं. ती शहरांत बाजारहाट करावयास गैरसोयीची असते, हें खरें.

स्प्रिंगांच्या पट्ट्यांचा हिच आमच्याजवळ होता, त्याविषयीं थोडें. दांडीचा भार मोटारीच्या मागल्या आंसाच्याहि मागें पडतो. तो फार झाला कीं मागचें अंग दबतें व पुढचें उचलतें. साखर कारखान्याच्या हंगामांत उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें चढावर अधांतरीं उचललेलीं आपण पाहिलीं असतील. चाक फिरवून उपयोग नाहीं, कारण तें जमिनीवर नाहीं. मोटारींत इतकें होत नसलें तरी पुढचीं चाकें हलकीं होतात, ब्रेकचा जोर उणावतो, आणि रात्रीं दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. या पट्ट्या पहारीसारख्या काम करून तो भार कांहीं पुढच्या आंसावर व कांहीं ट्रेलरच्या आंसावर वांटून देतात. फार उपयोगी वस्तु आहे. परंतु तिनें चिठ्ठीवरचा आंकडा वाढत नाहीं, आणि मागें जड भरलेला ट्रेलरहि सुधारत नाहीं. आमचा तिनें सुधारला नाहीं.

जोडणींतल्या चुका बारीक असतात आणि म्हणूनच घातक. लोखंडी गोळे २ इंची व २ ५/१६ इंची असे जवळजवळच्या मापांचे मिळतात. मोठ्या मापाच्या खोबणींत लहान गोळा बसतो, कडी लागतेहि, आणि पहिल्या खड्ड्याशीं खोबण उचलून निघते. दोन्ही सांखळ्या दांडीच्या खालून एकमेकींस छेदून अडकवाव्या, म्हणजे सांधा सुटलाच तर दांडी जमिनींत न रुततां सांखळ्यांच्या झोळींत पडते. ट्रेलर अगदींच तुटून गेला तर त्याचे ब्रेक आपोआप लागावे म्हणून एक बारीक तार असते, ती सांखळीस न बांधतां मोटारीच्या पक्क्या भागास बांधावी. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणें पुष्कळ राज्यांत ३,००० पौंडांपासून पुढें सक्तीचें आहे, कॅलिफोर्नियांत १,५०० पासूनच. त्याच राज्यांत ट्रेलर ओढणाऱ्यास ताशीं ५५ मैलांची मर्यादा आहे, आणि आमच्या मतें ती इतरत्रहि आपण होऊन पाळण्यासारखी आहे. ट्रेलरचे टायर निराळ्या जातीचे असतात. त्यांतील पुष्कळ ६५ मैलांच्याच वेगासाठीं केलेले असतात, हें सहसा कोणी वाचीत नाहीं. ते झिजण्यापूर्वीं म्हातारे होऊन फाटतात. वर्षांतून दहा महिने उन्हांत उभ्या असलेल्या ट्रेलरचे टायर नुसते दिसावयास नवे असतात.

कॅस्परला आम्हीं काय केलें तें सांगावयाचें राहिलें. एक लहान मोटार भाड्यानें घेतली. बंधु, वहिनी व आम्ही तींत बसलों आणि १४० पौंड सामान घेतलें. पुतण्याच्या मोटारीवरचा भार १,५०२ वर आला. त्यानें त्या दिवसापासून ५८ मैलांच्या वर वेग नेला नाहीं. मालमोटारी तशाच शेजारून जात, ट्रेलर एकदां अंग हलवी आणि स्वस्थ होई. यलोस्टोन पाहून सर्व सुखरूप परत आलीं.

दुसऱ्या उन्हाळ्यांत बेत डोंगरापलीकडचा, उटा राज्यांतील मोआबचा होता. या खेपेस पुतण्यानें सर्वस्वी लहान, भरून ४,२०० पौंडांचा ट्रेलर घेतला, आणि वडीलधाऱ्यांसाठीं दुसरी मोटार आरंभापासूनच ठरविली. ती बंधु चालवीत होते. डेन्व्हरच्या पश्चिमेस आयझेनहॉवर बोगदा लागतो. तो १९७३ सालीं खुला झाला. उंची ११,००० फुटांहून अधिक, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुप्पट. तेथील विरळ हवेंत साधें इंजिन आपला तिसरा हिस्सा जोर गमावून बसतें, तेव्हां चढतांना घाई करण्याची सोयच नसते. घाई होते ती उतरतांना. बोगद्यांतून बाहेर पडतांच सिल्व्हरथॉर्न गांवापर्यंत रस्ता साधारण दोन हजार फूट खालीं जातो. उतार शेंकडा सहासात. बोरघाट उतरावा तसेंच, फक्त हमरस्त्याच्या वेगानें. ब्रेक हरवलेल्या मालमोटारींनीं शिरून थांबावें म्हणून अशा उतारांच्या कडेस खडीच्या चढणी करून ठेवलेल्या असतात, आणि त्यांवर चाकांचे खोल ताजे चर पाहिले म्हणजे अंगावर कांटा येतो.

आम्ही त्याच्या मागें होतों, म्हणून त्याची उतरण्याची रीत आम्हांस नीट पाहतां आली. बोगद्याच्या तोंडाशींच, उतार सुरूं होण्यापूर्वीं, त्यानें वेग ४५ वर आणला व गाडी खालच्या गिअरमध्यें घातली. ब्रेकवर पाय ठेवून उतरणारांचे लाल दिवे सारखे लागलेले असतात. असे दोघेतिघे आम्हांस मागें टाकून गेले. पुतण्याचे दिवे बराच वेळ विझलेले राहत. वेग वाढूं लागला कीं एकदां ठसठशीत लागत, तीनचार सेकंदांत पुनः विझत, आणि मधल्या वेळांत ब्रेक निवत असे. वहिनींनीं तें मोजावयास घेतलें. सिल्व्हरथॉर्नला पोहोंचेपर्यंत त्यांचे अकरा झाले.

खालीं आल्यावर वळणाच्या मोकळ्या जागेंत आम्ही थांबलों. शेजारीं एक मोठी पिकअप उभी होती. तिच्या चाकांतून निळसर धूर निघत होता, आणि तिचा मालक रिकामी बाटली हातांत धरून नुसताच पाहत होता. जळक्या ब्रेकचा वास सबंध जागेंत भरला होता. पुतण्या खालीं उतरून आपल्या ट्रेलरच्या चारी चाकांच्या तुंब्यांजवळ हात नेऊन आला. "कोमट आहेत," म्हणाला. मग त्यानें पिकअपच्या मालकास चाकांवर पाणी ओतूं नका, तशींच निवूं द्या, असें सांगितलें, कारण तापल्या लोखंडावर गार पाणी पडलें तर तें तडकतें. वहिनींनीं डबा उघडला. त्या मालकासहि दोन धिरडीं दिलीं, आणि त्याचीं चाकें निवेपर्यंत आम्ही सर्व तेथेंच बसलों.